सहा सेकंदांचे नाना

आमच्या घरातून व्हीसीआर गेला आणि जिफ आलं ते एकाच वर्षी, 2016 मध्ये. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवत राहिलेली शेवटची कंपनी. तिनंही त्या वर्षी जुलैत हात टेकले. सप्टेंबरात जिओ आलं, आणि वर्ष संपता संपता व्हॉट्सॲपवर व्हिडिओचा लहानसा तुकडा कापून हलत्या चित्रासारखा पाठवता यायला लागला. फुनाईबिनाई आम्हाला तेव्हा कुठलं ठाऊक! घराला रंग द्यायचा होता म्हणून काकूंनी माळ्यावरचा व्हीसीआर भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवला, एवढंच. कॅसेटची पेटी मात्र त्यांनी हातगाड्यावरून परत उचलली. "त्यात लग्नं आहेत," म्हणाल्या.

आम्ही म्हणजे राजाबाजारातल्या वाड्यात पाळण्यात घातलेली आणि पुढे सिडकोत शाळेला गेलेली चुलत-आते भावंडं. शहर तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. आमच्या व्हॉट्सॲप गटाचं नाव अजून 'राजाबाजार'च आहे, त्यामुळे त्या बाबतीत आमच्याकडे वाद नाही. 1985 च्या सुमाराला वाळूजला बजाजचा कारखाना आला, पाठोपाठ दुसरे आले, वडील-काका एकेक करून तिकडे लागले. कंपनीच्या बसच्या वेळा त्याच घराच्या वेळा झाल्या आणि संस्थान गणपतीच्या शेजाराहून आमचं बिऱ्हाड एन-सातच्या रो-हाउसात आलं. नाना आणि मोठी आई मात्र वाडा सोडायला तयार नव्हते. त्यामुळे शाळेचे दिवस सिडकोत आणि सुट्ट्या वाड्यात, अशी आमची वाटणी होती.

चित्र हलतं कसं, हा शोध आम्ही वाड्यातच लावला. मोहन किंवा अंजली टॉकीजच्या आसपास फिल्मचे तुकडे मिळायचे. कुणाकडून, कसे, ते मोठ्या मुलांना माहीत. उडालेल्या बल्बचं मागचं पितळ काढून आतली तार झाडून टाकायची आणि त्यात पाणी भरायचं. ते झालं भिंग. माळवदाखालच्या खोलीचं दार लावून घ्यायचं, झरोक्याला भोकाचा पुठ्ठा ठोकायचा, आणि अंगणात सगळ्यात धाकट्याला आरसा देऊन उन्हात उभं करायचं. त्यानं आरशातून उन्हाचा कवडसा भोकात सोडायचा. आत फिल्म, फिल्मपुढे बल्ब, समोर नानांचं धोतर. हिरो उलटा पडायचा, म्हणून फिल्म उलटी धरायची. धाकट्याचा हात हलला की हिरो छतावर जायचा आणि आतून चार-पाच जण एकदम ओरडायचे. धाकट्याला आत काय चाललंय ते कधीच दिसलं नाही. आज तो पन्नाशीला टेकलाय आणि अजून ऐकवतो.

आमचा सगळा प्रयत्न तो हिरो हलवायचा होता. एका तुकड्यावर एकासारखी एक चित्रं असायची. पहिल्यात हात कमरेवर, शेवटच्यात किंचित वर. फिल्म ओढली की तो हात उचलेल, असा आमचा हिशेब. प्रत्यक्षात धोतरावर नुसती रंगांची फरपट व्हायची. ओढून भागत नाही, हे कॉलेजातल्या दादानं पुढे सांगितलं: प्रोजेक्टर प्रत्येक चित्र क्षणभर थांबवतो, दाखवतो, मग उजेड झाकून पुढचं आणतो, सेकंदाला चोवीस वेळा. थांबल्याशिवाय हलणं दिसत नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी हेच केलं होतं, वाटाण्याचा अंकुर कॅमेऱ्यापुढे ठेवून दिवसांमागून दिवस एकेक चित्र टिपलं आणि मग ते रोप पडद्यावर भराभरा वाढवून दाखवलं. त्याच्याही आधी, 1890 च्या दशकात, कल्याणचे पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' घेऊन गावोगाव जात आणि काचेवर रंगवलेली चित्रं दिव्यापुढे सरकवून हलवत. आम्हाला हे माहीत असतं तर धाकट्याला आम्ही निदान एखादी पदवी तरी दिली असती.

आरशाचा खेळ आम्हाला पुन्हा भेटला तो अजिंठ्याच्या सहलीत. लेण्याच्या तोंडाशी एक माणूस चकचकीत पत्रा घेऊन उन्हात उभा असायचा आणि ऊन आत फेकायचा. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची भिंत आहे, तिच्यावर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो: महालात, रथात, रानात. "हा परत आला!" असं आमच्यातलं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं आणि बाईंनी डोळे वटारले. पण खरंच आला होता परत.

पुढची हलती चित्रं स्वस्तातली होती. वहीच्या उजव्या कोपऱ्यात पानागणिक काडीमाणूस काढायचा आणि अंगठ्यानं पानं सोडायची. शंभरपानी वहीत एक गोलंदाज धावत येऊन विकेट उडवायचा, दोनशेपानीत फलंदाजालाही संधी मिळायची. कर्णपुऱ्याच्या यात्रेतून आणलेली पट्टी डावीकडे कलवली की तिच्यावरची बाई डोळा मिटायची, उजवीकडे कलवली की उघडायची. तसलाच देवांचा फोटो मोठ्या आईनं एका नवरात्रात आणला होता, एका बाजूनं महादेव, दुसऱ्या बाजूनं पार्वती. देवघरात तो मधोमध लावला तर कुणीच धड दिसेना. शेवटी तो दारामागे गेला, तिथं येणाऱ्याला महादेव दिसायचे आणि जाणाऱ्याला पार्वती.

मग व्हीसीआर. घरचा यायच्या आधी भाड्याचा यायचा, गणपतीत, एका रात्रीसाठी, टीव्हीसकट. तीन सिनेमे आणि मधल्या वेळात घरातल्या लग्नाची कॅसेट. मोठ्या काकांच्या लग्नात वरातीपुढे नाचता नाचता एक मेहुणे बुंदीच्या परातीत बसतात. बसतात म्हणजे पडतात, पण उठताना असा चेहरा करतात की जणू बसायलाच आले होते. तेवढ्यावर आम्ही ओरडायचो, "परत! परत!" दादा रिमोट नव्हे, मशीनचंच बटण दाबायचा. मेहुणे परातीतून उडून उभे राहायचे, बुंदी त्यांच्या मागोमाग परातीत जमा व्हायची, आणि मग पुन्हा धप्प. आजच्या भाषेत सांगायचं तर आम्ही हातानं जिफ चालवत होतो. ती कॅसेट पुढे पेनड्राइव्हवर उतरवायला दिली तेव्हा दुकानदारानं सांगितलं की बाकी टेप ठीक आहे, एवढ्या एका जागी झिजलीय, पांढऱ्या रेघा येतात. त्याला वाटलं मशीन खराब असेल. आम्ही काही बोललो नाही.

त्या काळातल्या लग्नाच्या कॅसेटबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती कायमची आहे. व्हिडिओवाले मिक्सिंग करायचे. नवरीचा चेहरा गुलाबाच्या फुलात, नवरदेव बदामात, दोघं पत्त्यासारखी उलटून एकमेकांच्या जागी. ते चाललं असतं. पण मूळ आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवायचे. मंगलाष्टकं तेवढी ठेवायचे, बाकी सगळं गाण्याखाली. त्यामुळे आमच्या घरातली निम्मी गेलेली माणसं आज त्या कॅसेटमध्ये तोंड हलवतात आणि आवाज पार्श्वगायकाचा येतो. एक पणजी विहिणीला काहीतरी भयंकर सुनावतेय, हात नाचवून, डोळे मोठे करून. काय सुनावतेय ते कधीच कळणार नाही. जिफला आवाज नसतो म्हणून कुणी नाक मुरडलं की मला ती पणजी आठवते. तिच्या बाबतीत जिफनं फक्त गाणं वजा केलं, आणि पहिल्यांदाच ती भांडतेय हे नीट दिसलं.

नोकिया 6600 घरात आला तो धाकट्या काकांचा. त्याच्यावर व्हिडिओ निघायचा, 176 गुणिले 144 ठिपक्यांचा, काड्यापेटीवरच्या चित्राएवढा. आमच्या पुतण्याचं पहिलं पाऊल त्यात आहे. पाऊल कुठलं आणि सतरंजी कुठली हे ओळखायला नातेवाईकच लागतात. ऑर्कुटवर त्याच सुमाराला चमचमणारी जिफं वाहत होती, हलणारं गुलाब, लुकलुकणारी दिवाळी, मिणमिणता ताजमहाल. निराला बाजारच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही ती एकमेकांच्या स्क्रॅपबुकात चिकटवत होतो. एकाही जिफात आमच्यापैकी कुणी नव्हतं. हलती चित्रं दुसरीकडून कुठून तरी येतात आणि आपण ती पाठवायची असतात, असाच आमचा समज होता. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, ती सगळी चमचम गेली, आणि कुणालाही तिची आठवण येत नाही.

स्वतःच्या घरातली माणसं हलवायची कल्पना भाच्याची. तो तेव्हा अकरावीत होता. जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवरून त्याच्या फोनमध्ये आल्या होत्या, आणि दिवाळीला सगळे जमल्यावर त्यानं आम्हाला फराळाच्या ताटांमध्येच शिकवलं. गटात पाठवायचा व्हिडिओ निवडायचा. वर चित्रांची पट्टी येते, तिची दोन टोकं बोटानं आत सरकवायची. तुकडा सहा सेकंदांच्या आत आला की कोपऱ्यात जिफचं बटण उमटतं. ते दाबायचं, पाठवायचं. झालं. सहा सेकंदांच्या वर एक टिकली गेली की बटण गायब. आत्या त्या बटणाला "लाजरं" म्हणायची.

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हा सगळ्यांना फसवणूक वाटली. व्हॉट्सॲप पाठवतं ते खरं जिफच नसतं, तो आवाज काढलेला आणि फिरता ठेवलेला व्हिडिओ असतो. खरं जिफ म्हातारं आहे, 1987 चं. कॉम्प्युसर्व्ह नावाच्या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइटनं टेलिफोनच्या तारेवरून रंगीत चित्रं लवकर पोचावीत म्हणून ते बांधलं. त्याच्या एका चित्रात रंग जास्तीत जास्त 256. दोन वर्षांनी त्यात प्रत्येक चित्र किती वेळ थांबवायचं हे सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहायची सोय आली. म्हणजे पुन्हा तेच, थांबवणं. 256 रंगांची गंमत आम्ही करून पाहिली. भाच्यानं दुसऱ्या ॲपमधून काकूंच्या शालूचं खरंखुरं जिफ बनवलं. लाल रंग पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेला आणि चेहऱ्यावर वाळू टाकल्यासारखे ठिपके आले, शिवाय फाइल मूळ तुकड्याहून जड. काकूंनी ते पाहून एवढंच विचारलं, "हे पैठणीवर करून नका हं बघू."

कापणं मात्र सोपं नव्हतं. कुठून कुठपर्यंत, यात खरी अक्कल लागते. तुकडा संपतो आणि पुन्हा सुरू होतो तिथं सांधा दिसतो, माणूस दचकून मागे उडतो. सांधा न दिसणारं जिफ आम्हाला एकच जमलं, पाणचक्कीचं. भिंतीवरून हौदात पडणारी पाण्याची चादर. पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र सारखंच, म्हणून ते कुठंही कापा, अखंड वाहतं. शतकांपूर्वी कुणीतरी लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांतून ते पाणी आणलं, वर चढवलं आणि त्यावर दळणाचं जातं फिरवलं. उन्हाळ्यात कधी कधी ते पाणी आटतं, आमच्या गटात मात्र बारमाही आहे.

पाण्यावरूनच आमचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं जिफ निघालं. नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, आणि आमच्या नळाला पाणी काही दिवसांआड, तेही कोणत्या वेळी ते नळालाच ठाऊक. मे महिन्यातल्या एका पहाटे नळ आल्यावर आत्या परकराचा ओचा खोचून, एका हातात नळी आणि दुसऱ्यात कळशी घेऊन जी धावली, ते कुणीतरी गॅलरीतून टिपलं होतं. आता घरात कुणाचं काहीही आलं, पगार, निकाल, व्हिसा, पाहुणे, की आत्या धावते. न्यू जर्सीतल्या चुलतभावाचं ग्रीनकार्ड आलं तेव्हा गटात नळी घेतलेल्या सोळा आत्या धावत होत्या. तिथल्या त्याच्या मुलीला ही कोण बाई, कशासाठी पळतेय, हे समजावताना आठवड्याला पाणी म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली.

लग्नं, मुंजी, बारशी यांची जिफं आम्ही हौसेनं केली आणि ती कुणी फारशी वापरली नाहीत. हार घालणारे दोन हात सगळ्यांच्याच लग्नात सारखे. वापरली गेली ती लकबींची. काकूंचं चष्मा कपाळावर असताना चष्मा शोधणं. धाकट्या काकांचं बसल्या बसल्या पेंगणं आणि हनुवटी छातीला लागताच "ऐकतोय मी" असं मान हलवणं. आमच्या आधीच्या पिढीनं माणसं फोटोत जपली, ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे न मिटता. नानांचाही तसा एक फोटो आहे, पैठण गेटजवळच्या स्टुडिओत काढलेला, आणि तो नानांसारखा अजिबात दिसत नाही.

नानांचं जिफ शेवटच्या वर्षातल्या दसऱ्याचं. पंगतीत पुरणपोळी वाढायला कुणी आलं की नाना डावा हात ताटावर आडवा धरायचे, मान फिरवायचे, जणू पोळी या प्रकाराशी आपला संबंध नाही. वाढणारा थांबला की हात हळूच दोन बोटं मागे घ्यायचे. तेवढ्या फटीतून पोळी ताटात. ते आमच्या लहानपणापासून असंच चालत आलेलं. व्हिडिओ भाचीनं घेतला होता. मूळ व्हिडिओत त्यांचा आवाजही होता, "पुरे रे, पुरे", पण फोन बदलताना तो गेला आणि गटात पाठवलेलं जिफ तेवढं राहिलं. तेही दोन प्रकारचं, कारण कापण्यावरून त्याच रात्री दोन तट पडले होते. एकानं चौथ्या सेकंदाला कापलं: नाना हात आडवा धरतात, मान फिरवतात, पुन्हा हात आडवा धरतात. नाही म्हणजे नाही. दुसऱ्यानं सहाव्यापर्यंत जाऊ दिलं: हात मागे, पोळी ताटात, आणि लगेच पुन्हा हात आडवा.

नाना गेल्यावर काही महिने दोन्ही जिफं कुणी काढली नाहीत. मग एकदा पुण्याच्या बहिणीनं विचारलं, रविवारी कोण कोण येणार, माझ्याकडे जेवायला, आणि दादानं विचार न करता चार सेकंदांचे नाना पाठवले. क्षणभर गटात सामसूम. मग तिनं सहा सेकंदांचे नाना पाठवले. तेव्हापासून ते रुळले. नको असेल तर चार सेकंदांचे, नको-नको म्हणत हवं असेल तर सहाचे. घरातल्या सुनांनाही ते पाठ झालंय, आणि त्यांतल्या दोघींनी नानांना पाहिलेलंच नाही.

आत्याला हे मंजूर नव्हतं. पितृपक्षात तरी नको, असं तिचं म्हणणं, आणि ते आम्ही पाळतो. दादाचं म्हणणं, श्राद्धाला आपण त्यांना पान वाढतोच की. दोघांचंही मला पटतं, त्यामुळे मी त्या वादात पडत नाही. मोठ्या आईला हा सगळा प्रकार आम्ही दाखवलाच नव्हता. तिच्या हातात फोन नसे. पण एका दुपारी ती भाचीच्या शेजारी आडवी झाली होती आणि भाचीच्या फोनवर सहा सेकंदांचे नाना चालू होते. भाची काहीतरी दुसरंच बोलत होती, फोन तसाच हातात. मोठी आई बराच वेळ बघत राहिली. हात आडवा, हात मागे, पोळी. हात आडवा, हात मागे, पोळी.

"बंद कर गं ते," ती म्हणाली. "साखर आहे त्यांना. किती पोळ्या खायला लावू राहिलात!"

भाचीनं फोन पालथा ठेवला. त्या दिवसापासून मोठी आई खोलीत असली की चार सेकंदांचेच पाठवायचे, असा नियम झाला.

पेटीतली एक कॅसेट अजून उतरवायची राहिलीय, आत्याच्या लग्नाची. तिच्यावर बुरशी धरलीय. टेपला बुरशी लागली की ती तशीच मशीनमध्ये घालता येत नाही, मशीनच्या डोक्याला चिकटते, आधी उलगडून पुसावी लागते. हे करणारा एक कारागीर औरंगपुऱ्यात सापडलाय. तो म्हणतो, सगळी येईलच असं नाही, मधले मधले तुकडे येतील. आम्हाला तुकडेच हवेत. कॅसेट त्याच्याकडे जायच्या आधीच वाटण्या चालू झाल्यात. दादाला उखाणा विसरलेल्या काकू हव्यात. पुण्याच्या बहिणीला पंगतीत तूप वाढणारे नाना, तरुण, काळ्या मिशीचे. न्यू जर्सीवाल्याला स्वतःचं रडणं, कारण त्याला आत्याबरोबर सासरी जायचं होतं आणि गाडीच्या चाकाला धरून बसला होता, असं सगळे सांगतात आणि तो मानत नाही.

आत्या हे सगळं वाचत होती. शेवटी तिनं लिहिलं, "लग्न माझं, मला कुणी विचारलं का? मला रुखवत पाहिजे."

भाच्यानं समजावलं, "अगं, रुखवत जागचं हलत नाही. त्याचं जिफ कसं होईल? फोटोच होईल तो."

"कॅमेरावाला हलत होता ना," आत्या म्हणाली. "तेवढं पुरे."